थ्रिलर शॉर्टफिल्म करायचीय? मग लपवू नका, सांगून टाका

गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या पोरापोरींच्या पंधरा-वीस तरी थ्रिलर शॉर्टफिल्म बघितल्या असतील, स्क्रिप्ट वाचली ती वेगळीच, आणि जवळपास सगळीकडे एकच गोष्ट दिसते. सगळं लपवून ठेवायचं. माणूस कोण, कुठे चाललाय, बॅगेत काय आहे, काही म्हणजे काही सांगायचं नाही, अकरा मिनिटं अंधारात कुणीतरी चालतंय, मागे घुमल्यासारखा आवाज, आणि बाराव्या मिनिटाला धक्का. माझी स्वतःची पहिली फिल्मही अशीच होती. मित्राच्या घरी दहाबारा जणांना दाखवली, चौथ्या मिनिटाला दोघांनी फोन काढले आणि शेवटचा धक्का आला तेव्हा एकाने अगदी मनापासून विचारलं, "पण हा होता कोण?" त्यानंतर मी थरारपटांसाठी गाजलेल्या आल्फ्रेड हिचकॉकचे पिक्चर वही घेऊन परत बघायला बसलो, आणि मग फ्रिट्झ लांग, क्लूझो हे जुने दिग्दर्शक, आपले श्रीराम राघवन, असं करत करत जे हाती लागलं ते इथे पायरी पायरीने लिहितोय. बारा मिनिटांची फिल्म, एक फोन, दोन-तीन कलाकार आणि एक बिल्डिंग, एवढंच गृहीत धरलंय. आणि हो, पुढे बऱ्याच पिक्चरचे शेवट उघड होणार आहेत, त्याशिवाय बोलताच येत नाही.

पायरी १: रहस्य करायचंय की थरार ते आधी ठरवा

मराठीत आपली सोय आहे, रहस्यपट आणि थरारपट असे दोन वेगळे शब्द आहेत, पण बोलताना आपण दोन्हीला थ्रिलरच म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. रहस्यात प्रेक्षक विचारतो, काय झालं होतं? थरारात तो विचारतो, आता काय होणार? राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) घ्या, बायको वारल्याचं दुःख उरात घेऊन बसलेला वकील, आणि पोलिसांनी पकडलेली एक बाई म्हणते मीच तुमची बायको. ही खरी की खोटी, हा प्रश्न अख्खा पिक्चर ओढून नेतो, आणि त्यात 'या डोळ्यांची दोन पाखरे' हे गाणं सारखं अंगावर येत राहतं. राज खोसलांनी यावरूनच हिंदीत 'मेरा साया' (१९६६) केला. हे रहस्य.

रहस्याला वेळ लागतो. संशयित उभे करायचे, पुरावे पेरायचे, शेवटी उलगडा करायचा, आणि उलगडा म्हणजे कुणीतरी उभं राहून बोलणार. बारा मिनिटांत हे बसवणं फार अवघड, मी तरी जमलेलं फार कमी वेळा बघितलंय. थरार मात्र दहा मिनिटांतही उभा राहतो, कारण त्याला लागते फक्त एक धोका आणि तो धोका माहीत असलेला प्रेक्षक. म्हणून पहिल्या फिल्मला थरारच घ्या.

पायरी २: बॉम्ब टेबलाखाली आहे हे आधी दाखवा

हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला १९६२ मध्ये लांबलचक मुलाखत दिली होती, त्यातलं बॉम्बचं उदाहरण तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. दोघं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारतायत. अचानक बॉम्ब फुटतो. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. आता तोच सीन, पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने बघितलंय, तो कधी फुटणार तेही माहितीये, भिंतीवर घड्याळ आहे. आता त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं चालल्या तरी प्रेक्षक खुर्चीतून उठणार नाही, मनातल्या मनात ओरडत राहील की अरे गप्पा कसल्या मारताय, उठा तिथून.

ऐकायला सोपं वाटतं पण करताना हात आखडतो, कारण आपल्याला वाटतं सांगितलं तर मजा गेली. तर 'व्हर्टिगो' (१९५८) मध्ये काय केलंय ते बघा. ज्या फ्रेंच कादंबरीवरून तो घेतला, तिच्यात दोन बायका मुळात एकच आहेत हे शेवटाला कळतं. हिचकॉकने ते गुपित पिक्चरचा बराच भाग शिल्लक असतानाच प्रेक्षकाला सांगून टाकलं, ती बाई, ज्युडी, पत्र लिहायला बसते आणि सगळं उघड होतं, मग ती ते पत्र फाडून टाकते. नायकाला मात्र काही माहीत नाही. युनिटमधल्या लोकांनाही हे पटत नव्हतं. पण त्याचा हिशेब सरळ होता, की आता प्रेक्षक 'ही कोण आहे' याचा विचार सोडून देईल आणि 'याला कळेल तेव्हा काय होईल' या काळजीत पडेल. त्यानंतरचा प्रत्येक सीन, साधं कपडे विकत घेणं, केस रंगवणं, सगळं बघवत नाही इतकं ताणलेलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे 'दृश्यम'. जीतू जोसेफने मल्याळममध्ये २०१३ ला केला, आणि हिंदीत २०१५ ला निशिकांत कामतने, 'डोंबिवली फास्ट'वाल्याच, तो गोव्यात नेला. खून कुणी केला, का केला, गाडी कुठे गेली, सगळं आपल्या डोळ्यांसमोर. २ ऑक्टोबरची गोष्ट कशी रचली, बस, हॉटेल, थिएटर, तेही आपण बघतो. म्हणून तर चौकशीत लहान मुलीला प्रश्न विचारतात तेव्हा पोटात गोळा येतो, खरं काय ते आपल्याला माहितीये ना! आणि एकच गोष्ट, प्रेत शेवटी कुठे ठेवलं, एवढी मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत राखून ठेवलीय. हे प्रमाण मला फार आवडतं. नऊ गोष्टी सांगा, एक राखा.

आता आपली गोष्ट. उदाहरणाला म्हणून मी एक रचून देतो, पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच करू. डोंबिवलीतली जुनी सोसायटी, तिसरा मजला. वैशालीच्या शेजारचे काका-काकू चार दिवस अक्कलकोट-तुळजापूरला गेलेत, झाडांना पाणी घालायला घराची चावी वैशालीकडे. नवऱ्याची नोकरी गेलेली, मुलाची फी भरायची होती, म्हणून महिन्याभरापूर्वी काकूंच्या मागच्या वारीच्या वेळी तिने त्यांच्या लॉकरमधल्या पाटल्या उचलून गहाण ठेवल्या. आज पैसे जमले, सोडवून आणल्या, आता गुपचूप परत ठेवायच्यात. काका-काकू उद्या सकाळी येणार. पण काकांना बरं वाटेना म्हणून ते एक दिवस आधीच निघालेत, आणि हे वैशालीला माहीत नाही. आपल्याला माहितीये.

पायरी ३: प्रेक्षकाला चुकीच्या माणसाच्या बाजूने उभं करा

वैशालीने चोरी केलीय. तरी ती पकडली जाऊ नये असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आणि हे आपोआप होत नाही.

'सायको' (१९६०) मध्ये नायिका पिक्चर अर्धा व्हायच्या आतच मारली जाते. ज्या स्टारसाठी लोक आले ती गेली. आता प्रेक्षकाने धरायचं कुणाला? तर ज्या मोटेलात खून झाला तिथला मालक नॉर्मन बेट्स मॉपने न्हाणीघर पुसतो, प्रेत गाडीत घालतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता मध्येच थांबते. तो क्षण थिएटरात बघा, घरी बघा, बुडावी एकदाची असं आपल्याला वाटतं! काही मिनिटांपूर्वी जिच्यासाठी जीव तुटत होता तिचंच प्रेत त्या गाडीत आहे. 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५१) मध्येही तेच, खुनी ब्रुनोचा लायटर गटाराच्या जाळीतून खाली पडतो, तो हात घालून बोटं ताणतोय, आणि लायटर मिळाला तर निरपराध माणूस अडकणार हे माहीत असूनही आपली बोटं त्याच्याबरोबर ताणली जातात. माणूस मन लावून काहीतरी अवघड काम करत असला की आपण त्याच्या बाजूने होतो, काम कसलंय ते नंतर.

म्हणून वैशालीचं रडणं दाखवू नका, गरिबीवर संवाद देऊ नका. तिला काम करताना दाखवा. पहिल्या मिनिटात ती दागिने तारण ठेवणाऱ्याच्या काउंटरवर पैसे मोजते, शेवटच्या नोटा दहा-दहाच्या आहेत, पावती देते, पाटल्या हातात आल्यावर ओढणीने पुसते. झालं. एक वाक्य न बोलता ती काय आहे ते कळलं. हे संवादाशिवाय सांगायचं तंत्र शिकायचं तर 'रिअर विंडो'ची (१९५४) पहिली काही मिनिटं बघा, कॅमेरा खोलीभर फिरतो, प्लॅस्टरमधला पाय, मोडका कॅमेरा, भिंतीवर रेसच्या गाडीच्या अपघाताचा फोटो, आणि हा फोटोग्राफर आहे, रेसचा फोटो घेताना पाय मोडला, हे सगळं कळून जातं. त्याचा धंदा नुसता ओळखीपुरता नाही, शेवटी खुनी अंगावर येतो तेव्हा तो फ्लॅशचे बल्ब उडवूनच त्याला थोपवतो. पहिल्या मिनिटात दाखवलेलं शेवटच्या मिनिटात कामाला आलं.

पायरी ४: घड्याळ लावा, पण भिंतीवरचं नको

वेळ संपत चाललाय हे दाखवायला लोक घड्याळाचा क्लोजअप टाकतात. चालतं, पण फिकं वाटतं. 'नटोरियस' (१९४६) मधली पार्टी बघाच. इन्ग्रिड बर्गमनने नवऱ्याच्या जुडग्यातून तळघराची चावी काढलीय, वर पार्टी चालू, खाली तळघरात दारूच्या बाटल्यांमध्ये काहीतरी दडवलंय ते तिला आणि गुप्तहेर केरी ग्रँटला शोधायचंय. आणि वर शॅम्पेनच्या बाटल्या कमी कमी होत चालल्यात. बाटल्या संपल्या की नवरा आणखी आणायला तळघराकडे जाणार आणि चावी नाही हे त्याला कळणार. म्हणजे प्रत्येक पाहुणा जो ग्लास उचलतो तो या दोघांचा वेळ पितोय. असं घड्याळ पाहिजे, गोष्टीतूनच आलेलं.

आपल्याकडे घड्याळ म्हणजे रिक्षा. काका-काकू स्टेशनवरून रिक्षात बसले. (स्टेशनवर शूट करायला रेल्वेची परवानगी लागते, त्या भानगडीत पडू नका, रिक्षात बसलेल्या अवस्थेतच सीन सुरू करा, मांडीवर पिशवी, कपाळाला अंगारा, झालं.) पण नुसती रिक्षा पुरेशी नाही. काकू वैशालीला फोन लावतात, सांगायचं असतं, "अगं वैशू, आम्ही आलोच, चहाला दूध घेऊन ठेव गं अर्धा लिटर." पण हे बोलायला समोर कुणी फोन उचलतच नाही, कारण वैशालीचा फोन तिच्याच घरात फ्रिजवर चार्जिंगला लावलाय आणि ती पलीकडे काकूंच्या घरात आहे. रिकाम्या घरात वाजणारा फोन. तीन वेळा वाजवा. पहिल्यांदा मोठा ऐकू येतो कारण कॅमेरा फोनपाशी आहे, दुसऱ्यांदा भिंतीपलीकडून बारीक, वैशाली क्षणभर थबकते पण टीव्हीचा असेल समजून कामाला लागते, तिसऱ्यांदा काकू चिडून म्हणतात, "झोपली असेल, जाऊ दे, तिला त्रास नको." काकू जितक्या मायेने बोलतील तितका ताण वाढेल, त्यांना कजाग करू नका.

पायरी ५: घराचा नकाशा प्रेक्षकाच्या डोक्यात बसवा

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते निम्म्या फिल्म इथेच पडतात. धोका कुठून येणार, पळायला वाट कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं, हे माहीत नसेल तर भीती वाटत नाही, नुसता गोंधळ वाटतो. 'रिअर विंडो'साठी पॅरामाउंट स्टुडिओत अख्खं अंगण आणि समोरचे ३१ फ्लॅट उभारले होते, आणि कॅमेरा जवळपास सगळा वेळ नायकाच्याच खोलीत. म्हणून खुन्याच्या घरात त्याची मैत्रीण शिरते आणि खुनी जिन्याने वर येतो, तेव्हा एकाच चौकटीत दोन्ही दिसतं, ती आत, तो बाहेर, आणि आपण इकडे लांब, काही करता येत नाही.

कागद घ्या, घराचा नकाशा काढा. जिना, दोन्ही फ्लॅटची दारं, काकूंचा हॉल, स्वयंपाकघर, बेडरूममधलं गोदरेजचं कपाट. कपाटापासून मुख्य दारापर्यंत किती पावलं ते खरंच चालून मोजा. मग थराराच्या आधी, निवांत असताना, एकदा त्या वाटेवरून प्रेक्षकाला फिरवून आणा, म्हणजे वैशाली झाडांना पाणी घालायला येते तेव्हा दारातून हॉल, हॉलमधून स्वयंपाकघर, गॅलरी, बेडरूम असा एकच सलग शॉट घ्या. प्रेक्षकाला वाटेल पाणी घालतेय, पण तुम्ही त्याला नकाशा दिलात.

आणि दिशा पाळा. रिक्षा पडद्यावर डावीकडून उजवीकडे येत असेल तर शेवटपर्यंत तशीच, काकू जिना चढतील तेही उजवीकडेच, आणि वैशालीचं तोंड डावीकडे. मग आळीपाळीने दोन्हीकडचे शॉट लावले की कुणी न सांगता समोरासमोर आदळणार असं वाटायला लागतं. सुरुवातीला रिक्षाचे तुकडे लांब ठेवा, आठ-दहा सेकंद, मग कमी कमी करत दोन-तीन सेकंदांवर आणा.

आळीपाळीच्या या कापाकापीवर प्रेक्षकाचा किती विश्वास असतो ते 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) मध्ये जॉनथन डेमीने दाखवलंय. पोलिसांची टोळी घराला वेढा घालते, बेल वाजवते, आत तळघरात खुन्याकडे बेल वाजते, तो दार उघडतो आणि दारात एकटी नायिका क्लॅरिस. पोलीस दुसऱ्याच गावातल्या रिकाम्या घरात. दोन शॉट लागून आले म्हणजे एकच जागा, हा आपला समज त्याने फिरवला. पण ही युक्ती अख्ख्या पिक्चरमध्ये एकदा चालते, आणि पहिल्या फिल्ममध्ये नका करू असंच मी म्हणेन.

पायरी ६: अडथळा हाताला लागणारा असू द्या

लॉकरची चावी कुठे? तांदळाच्या डब्यात. आपल्याकडे निम्म्या घरांत ती तिथेच असते, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही. वैशाली डब्यात कोपरापर्यंत हात घालते, चावी निघते, लॉकर उघडतं, पाटल्या आत, लॉकर बंद. सगळं सुरळीत. आता फक्त चावी परत तांदळात खुपसायची. आणि डबा हातातून सुटतो.

फरशीभर तांदूळ. इथे फिल्म सुरू होते खरी. कारण नुसतं पळून जाता येत नाही, तांदूळ तसेच टाकले तर कुणीतरी आलं होतं हे उघड, भरायला बसली तर वेळ जातो, आणि रिक्षा नाक्यावर आलीय. हेन्री-जॉर्ज क्लूझोचा 'द वेजेस ऑफ फिअर' (१९५३) हे सगळ्यात मोठं उदाहरण. नायट्रोग्लिसरीन भरलेले ट्रक खराब रस्त्याने न्यायचे, धक्का बसला की स्फोट. त्यानंतर खड्डा, दगड, वळण, अशा रस्त्यावरच्या रोजच्या गोष्टी जीवघेण्या होतात. नियम एकदाच सांगितला, आणि पुढच्या अख्ख्या प्रवासाला तो पुरला. आपला नियम एवढाच, एकही दाणा राहता कामा नये.

हा सीन घाईने कापू नका. केरसुणीचा आवाज, सुपात गोळा करणं, फ्रिजखाली गेलेले दाणे, ती आडवी होऊन हात घालते. हाच तुमचा बॉम्ब, याला चांगली तीन मिनिटं द्या, बारापैकी तीन.

या सगळ्यात पाटल्यांचं महत्त्व किती? खरं तर फार नाही. हिचकॉक ज्याला मॅकगफिन म्हणायचा तेच हे, पात्रांसाठी जीव की प्राण, प्रेक्षकासाठी नुसतं निमित्त. 'नटोरियस'मध्ये बाटल्यांत युरेनियम निघतं, हिरे निघाले असते तरी पिक्चर तोच राहिला असता. म्हणून पाटल्या किती तोळ्याच्या, कुणी दिलेल्या, यावर संवाद खर्च करू नका.

पायरी ७: आवाज आधी, संगीत नंतर, जमलं तर नकोच

पहिल्यांदा फिल्म करणारे इंटरनेटवरचं भीतीदायक संगीत उचलून पहिल्या सेकंदापासून लावतात. संगीत सांगतं घाबरा, आणि प्रेक्षक घाबरत नाही, कारण घाबरायला समोर काही नसतं. फ्रिट्झ लांगने 'एम' (१९३१) मध्ये, बोलपट नुकते आले होते तेव्हा, बालहत्या करणाऱ्याला एक शीळ दिली, ग्रीग या संगीतकाराच्या संगीतातली धून. तो दिसायच्या आधी शीळ ऐकू येते. खुन्याचं काम करणाऱ्या पीटर लॉरेला शीळ वाजवता येत नव्हती म्हणून लांगने स्वतः वाजवली. आणि त्या सिनेमातली मुलगी मारली जाते ते दाखवलेलंच नाही, घरंगळत आलेला चेंडू, वरच्या तारांत अडकलेला फुगा, घरी तिची रिकामी ताटली, बस्स. १९३१ चा पिक्चर, आजही ते बघून मी उठून पाणी प्यायला गेलो होतो.

'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) मध्ये शेतावरून विमान मागे लागतं त्या पाठलागाला संगीत नाही, नुसती विमानाची घरघर. 'द बर्ड्स'ला (१९६३) तर नेहमीसारखं पार्श्वसंगीतच नाही, पक्ष्यांचे आवाज आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रावर केलेले आवाज. उलट बाजूही सांगतो, 'सायको'चा न्हाणीघराचा सीन हिचकॉकला संगीताशिवाय हवा होता, संगीतकार बर्नार्ड हरमनने नुसत्या तंतुवाद्यांवर ते किंचाळणारं संगीत रचलं आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. म्हणजे नियम दगडावरची रेघ नाही, पण हरमन आपल्याकडे नाही.

आणि श्रीराम राघवनचा 'अंधाधुन' (२०१८). पुण्यात घडणारा, पुण्यात वाढलेल्या आणि फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या दिग्दर्शकाचा. आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवादक शांत बसून वाजवतोय, आणि त्याच्या समोर प्रेत हलवणं, फरशी पुसणं चाललंय. त्याला दिसतंय हे आपल्याला माहीत, त्यांना नाही. संवाद जवळपास नाहीतच, सगळं इशाऱ्यांवर, आणि वर तो प्रसन्न पियानो. सीनमध्ये जे वाजतंय तेच संगीत, वेगळं लावायची गरजच नाही. हा एक सीन आवाज बंद करून एकदा आणि डोळे मिटून एकदा असा बघा-ऐका, दोन्ही वेळा काहीतरी शिकायला मिळतं.

आपल्या फिल्मला लागणारे आवाज मोजकेच आहेत: तांदळाचा सर्रकन आवाज, केरसुणी, कपाटाचं करकरणारं दार, भिंतीपलीकडचा फोन, जिन्यावरच्या चपला. हे शूटिंगच्या वेळी नीट आले नाहीत तर नंतर शांत खोलीत फोन अगदी जवळ धरून वेगळे रेकॉर्ड करा. आणि प्रत्येक खोलीत कुणी न बोलता मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा, एडिटला ती तुकड्यांखाली अंथरली की आवाज तुटल्यासारखा वाटत नाही.

पायरी ८: शूटिंगची चार कामाची कलमं

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली फोनने शूट करताना पट्टे हलताना दिसतात. मॅन्युअल सेटिंग देणारं कॅमेरा ॲप घ्या, २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, प्रश्न मिटतो. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. दुपारी शूट करा, थ्रिलर म्हणजे रात्रच असं काही नाही, उलट दुपारी दोनची सोसायटीतली सामसूम फार बोलते. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी विचारा, जिन्यावर कॅमेरा दिसला की कुणीतरी येतंच. सीन क्रमाने शूट करणं जमत असेल तर करा, तांदूळ सांडल्यानंतरचे शॉट कुठले आणि आधीचे कुठले हा गोंधळ होत नाही. आणि तांदूळ ज्यादा आणा, चार-पाच टेक तरी लागतात, सांडलेले परत डब्यात भरले की केर दिसतो कॅमेऱ्यात.

एखादी गोष्ट दाखवणं परवडत नसेल तर दाखवू नका, त्याने बिघडत नाही. 'जॉज'च्या (१९७५) वेळी यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्गला तो न दाखवता सीन काढावे लागले, पाण्यावर पळणारी पिवळी पिंपं आणि दोन सुरांचं संगीत, शार्क आहे हे कळायला तेवढं पुरलं. तुमच्याकडे रिक्षा मिळत नसेल तर नुसती काकूंच्या चेहऱ्यावरून सरकणारी सावली आणि मीटरचा आवाज घ्या.

पायरी ९: ताण सोडायचा कसा

हिचकॉकची एक चूक फार शिकवते. 'सॅबोटाज' (१९३६) मध्ये एक लहान मुलगा नकळत बॉम्बचं पार्सल घेऊन लंडनभर फिरतो, बॉम्ब पावणेदोनला फुटणार हे आपल्याला माहीत, मुलगा रेंगाळतोय, बसमध्ये कुत्र्याच्या पिल्लाशी खेळतोय. आणि बॉम्ब खरंच फुटतो. मुलगा मरतो. प्रेक्षक भडकले, आणि पुढे त्रुफोशी बोलताना हिचकॉकनेही मान्य केलं की ती चूक होती. इतका वेळ जीव टांगणीला लावलात तर सुटका द्यायला हवी होती.

मग वैशाली सुटते का? सुटते. शेवटचा दाणा उचलते, डबा जागेवर, जिन्यावर चपलांचा आवाज, ती गॅलरीतली पाण्याची झारी हातात घेते आणि दार उघडून काकूंच्या समोर येते, "अय्या, तुम्ही आजच? मी पाणीच घालत होते." सगळे हुश्श करतात. आता इथे फिल्म संपवली तर ठीकठाक फिल्म होते. पण एक गोष्ट राखून ठेवायची म्हणालो होतो ना, ती इथे काढा.

चहा होतो. काकू बोलता बोलता वैशालीच्या ओढणीला चिकटलेला एक दाणा काढतात, बघतात, बशीत ठेवतात. काही बोलत नाहीत. काळा पडदा. मग पुढच्या वारीची सकाळ, काका पिशव्या घेऊन खाली गेलेत, काकू वैशालीच्या हातात घराची चावी देतात आणि जिना उतरता उतरता मागे वळून म्हणतात, "आणि वैशू, लॉकरची चावी या खेपेला तुरीच्या डाळीत ठेवलीय हं. अडचण आली तर."

हा शेवट का चालतो ते सांगतो, कारण धक्का आणि उलगडा यात लोक गल्लत करतात. यात नवीन माणूस आला नाही, स्वप्न होतं असं निघालं नाही. काकूंना माहीत होतं, कदाचित महिन्यापासून, आणि ते कळल्यावर आधीचे सगळे सीन मागे जाऊन बदलतात. तो फोन, "तिला त्रास नको", हे वाक्य दुसऱ्यांदा बघताना वेगळंच ऐकू येतं. शेवट लिहून झाला की मागे जा आणि प्रत्येक सीन दोन्ही अर्थांनी खरा आहे का ते तपासा. काकू एकट्या असतानाही चोरीची शंका नसल्यासारख्या वागताना दाखवल्या असतील तर ती प्रेक्षकाची फसवणूक झाली, तो सीन काढा.

खलनायकाबद्दल मी काही बोललो नाही कारण या गोष्टीत तो नाही. तुमच्या गोष्टीत असेल तर त्याला सभ्य ठेवा, 'कहानी'मधला (२०१२) बॉब बिस्वास आठवा, पोट सुटलेला विम्याचा एजंट, नमस्कार करून एक मिनिट मागतो आणि गोळी घालतो.

पायरी १०: आवाज बंद करून दाखवा

एडिटचा पहिला कट पंधरा-सोळा मिनिटांचा होईल, होऊ द्या. मग ज्यांना गोष्ट अजिबात माहीत नाही अशा तीन-चार जणांना बसवा, सिनेमावाले मित्र नकोत, एखादी मावशी, खालच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा, असे. आधी आवाज बंद करून दाखवा. धोका काय आहे हे त्यांना आवाजाशिवाय कळलं तर तुमचे शॉट बरोबर आहेत. फोनचा सीन आवाजाशिवाय कळणार नाही, तेवढा सोडून द्या.

मग आवाजासकट दाखवा, आणि पडद्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. कुणी फोन हातात घेतला की वेळ लिहून ठेवा. तांदूळ सांडतात तिथे कुणाच्या तोंडून 'अगं बाई' निघालं का ते लिहा. संपल्यावर आवडली का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की रिक्षा पहिल्यांदा दिसली तेव्हा तुम्हाला काय वाटलं. "काकू लवकर येतायत आणि तिला माहीत नाही," असं उत्तर आलं तर पुढे जा. "कोण होते ते रिक्षात?" असं आलं, तर काकूंना पहिल्या दोन मिनिटांत, जाताना चावी देतानाच, नीट चेहरा दिसेल असं दाखवा, तो एक शॉट परत घ्या, आणि नवा कट घेऊन दुसऱ्या तीन जणांना बसवा.